अढीतला चहा

देवरे गुरुजी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही चहाबद्दल.

आता चहाबद्दल खोटं बोलणं हा काही मोठा गुन्हा नाही. आपल्याकडे रोज दुपारी चार वाजता हजारो माणसं "नको हो, आत्ताच घेतला" म्हणतात आणि त्याच हातानं कप उचलतात. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. पण गुरुजींची गोष्ट निराळी. धोंडीराम देवरे गुरुजींनी सुरगाण्याच्या डोंगरात एका आश्रमशाळेत एकतीस वर्षं मुलं शिकवली, आणि खोटं बोलणाऱ्या पोराला एकदाही छडी मारली नाही. त्यांची रीत अशी होती. खोटं बोललेल्यानं खरं काय ते पाटीवर लिहायचं. मग उभं राहून सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचायचं. वाचून झालं की गुरुजी म्हणायचे, "झालं. बस खाली," आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, गुरुजींनी तर नाहीच.

निवृत्तीनंतर ते नाशकात इंदिरानगरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा भांड्यांच्या आधी ती पाटी आली. रविवारी सकाळी सोसायटीतली मुलं त्यांच्या गॅलरीत गोष्टी ऐकायला जमत. पाटी तिथेच खिळ्याला टांगलेली असे. मुलं तिला जरा भिऊन असत आणि गुळावर लक्ष ठेवून असत.

तर २००३ सालचा एप्रिल. पोस्टातून एक चिठ्ठी आली. आपलं पार्सल चीन देशातून आलं आहे, ओळख पटवून घेऊन जाणे.

चीनमध्ये गुरुजींचं एकच माणूस होतं, मंगळू भोये. डोंगरातल्या पाड्यावरचा हा मुलगा पहिलीत शाळेत आला तेव्हा बाकावर बसायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, तो बाकाखाली बसला होता. आता तो एका कंपनीची यंत्रं बसवून द्यायला चीनच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात गेला होता. 'गुरुजी, तुमच्यासाठी इथला चहा पाठवतो आहे' असं त्यानं दोन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून पोस्टात गेले.

खिडकीमागच्या कारकुनानं पार्सलावरची इंग्रजी पट्टी वाचली. "रॉ. पुअर. टी. केक. एकोणीसशे नव्याण्णव." मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "आजोबा, हा केक आहे. कच्चा आहे, गरीब आहे आणि चार वर्षांचा आहे."

"चहा असेल हो तो."

"केक लिहिलंय. नव्याण्णव सालचा. शिळा खाद्यपदार्थ असा हातात देता येत नाही. तुम्ही एक अर्ज लिहून द्या, की हा पदार्थ केक नाही. मग माझं काम झालं."

"पण मी तो अजून पाहिला नाही," गुरुजी म्हणाले. "पाहिल्याशिवाय केक नाही असं कसं लिहू?"

"सगळे लिहितात."

"मी नाही लिहिणार. मला उघडून दाखवा."

"उघडायचं तर साहेबांसमोर. साहेब सिंहस्थाच्या मीटिंगला गेलेत."

त्या वर्षी नाशकात सिंहस्थ होता. रस्ते खणलेले होते, आणि गावातले सगळे साहेब सकाळ-संध्याकाळ सिंहस्थाच्या मीटिंगला गेलेले असत. पुढच्या खेपेलाही साहेब मीटिंगलाच होते. तिसऱ्या खेपेला गुरुजींनी कारकुनाकडून कोरा कागद मागून घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर पदार्थ केक आहे किंवा कसे, हे मला ठाऊक नाही. पदार्थाची खरी जाणीव झाल्यावर समक्ष येऊन लेखी कळवीन. धोंडीराम देवरे.' कारकुनानं तो कागद दोनदा वाचला. त्यात त्याला हवं ते काहीच नव्हतं, पण सही होती आणि तारीख होती. त्यानं पार्सल खिडकीतून पुढे ढकललं.

गुरुजी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. शेजारच्या ब्लॉकमध्ये सहादू बोडके राहत. इगतपुरीचे, रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी, आणि अजूनही जिन्यात कुणी दिसलं की हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय सोडत नसत. ते जिन्यातच उभे होते.

"गुरुजी, थांबा. पार्सल चीनचं हाय ना? पेपर वाचता का नाय? तिकडं तो सार्स चाललाय. माणसं तोंडाला फडकी बांधून हिंडतात."

"सहादूभाऊ, हे पार्सल दोन महिन्यांपूर्वी निघालंय."

"रोगाला काय टाइमटेबल असतं? आपल्या इमारतीत सोळा घरं हायत. माझं ऐका, दहा दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. सुतक समजा."

पहिल्या मजल्यावरच्या सविताताई नाकाला पदर लावून म्हणाल्या, की दहा नको, तेरा ठेवा. सुतक तेराच दिवसांचं असतं. तेरा ठरलं.

गच्चीवर सगळे तीन हातांवर उभे राहिले आणि गुरुजींनी पार्सल उघडलं. आतून निघाला तांबड्या चिनी अक्षरांचा एक पातळ कागद, आणि कागदातून एक वाटोळी, चपटी, भाकरीएवढी वस्तू. रंग काळपट हिरवा, मधूनमधून चंदेरी लव असलेल्या पानांची पुंगळ्यांसारखी गुंतागुंत, सगळी एकात एक दाबून बसवलेली. पाठीमागे मधोमध एक खळगा.

मग सहादूभाऊ म्हणाले, "गुरुजी, पोरानं चीनहून गोवरी धाडली."

गुरुजींना ते लागलं. पण नुसत्या नजरेनं पाहता गोवरी नाही असं म्हणणंही कठीण होतं, आणि गुरुजी खोटं बोलत नसत. त्यांनी चिनी कागद दगडाखाली नीट ठेवला.

अकराव्या दिवशी गुरुजी ऊन बदलायला गच्चीवर गेले, तर चहा नाही. कुरडया होत्या, सविताताईंच्या मिरच्या होत्या, चिनी कागदसुद्धा दगडाखाली नीट होता. चहा तेवढा नव्हता. तेवढ्यात खालून धुराचा वास आला. गुरुजी बनियनवरच तीन मजले उतरले. वॉचमनची बायको ठमाबाई आपल्या खोलीसमोर घमेल्यात निखारे घेऊन बसली होती, आणि निखाऱ्यांवर, तिरका, चहा.

"ठमाबाई, काय करता?"

"डास लय झालेत ना गुरुजी. धूर कराया घेतली. वर उन्हात पडलेली व्हती, मला वाटलं कुनाची तरी असंल." तिनं चिमट्यानं चहा उलटा केला. "पर म्हशीची नसावी ही. पेटतबी नाय, नुसती धुमसती. वास मात्र देवळासारखा सुटला."

गुरुजींनी धोतराच्या सोग्यात चहा उचलला. एका कडेला धुराची काळी रेघ आली होती. बाकी चहा होता तसा होता. चटका बसला तो गुरुजींच्या बोटांना.

चौदाव्या दिवशी लताबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नींनी, पातेलं चढवलं. दूध, साखर, आलं, गवती चहा असा सगळा सरंजाम काढला. पाहुणा चीनहून आला होता, कमी कशाला पडू द्यायचं. आता चहा फोडायचा. तो हातानं फुटेना. बत्त्यानं फुटेना. सहादूभाऊ आपली छिन्नी-हातोडी घेऊन आले. तिसऱ्या घावाला तडा गेला, पण तो ओट्याच्या कडाप्प्याला गेला. पाचव्या घावाला मूठभर चुरा निघाला. सहादूभाऊंनी तो सगळा पातेल्यात ओतला आणि म्हणाले, "आता उकळी द्या. लय उकळी. चहाला इंजिनासारखी शिट्टी आली पायजे." वीस मिनिटं उकळी दिली.

पहिला घोट मानानं सेक्रेटरींना. सहादूभाऊंनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीतून इगतपुरीच्या दिशेला बघत राहिले. लताबाईंनी जीभ लावली आणि उठून गुळाचा डबा काढला. गुरुजींनी मात्र पूर्ण घोट गिळला. काडेचिराइताच्या काढ्यात कुणी बासुंदी ओतावी तसं काहीतरी घशाखाली उतरलं. पातेलं मोरीत रिकामं झालं. सविताताईंनी मागाहून सांगितलं, की ते टाकायला नको होतं, गुडघ्यांना चोळता आलं असतं.

आणि त्याच संध्याकाळी फोन वाजला.

परदेशातला फोन म्हणजे मधे समुद्र खळखळत असल्यासारखा आवाज. त्या खळखळाटातून मंगळूचा आनंदी आवाज आला. "गुरुजी, पोचला का चहा?"

"पोचला, पोचला."

"कसा लागला?"

इथे गुरुजींना खरं बोलायचं होतं. हे लक्षात ठेवा, त्यांना खरंच खरं बोलायचं होतं. पण बाकाखाली बसलेलं ते पोर त्यांना दिसलं. समुद्रापलीकडून त्या पोरानं पहिल्यांदाच गुरुजींना काही दिलं होतं, आणि ते मोरीतून वाहून गेलं होतं. गुरुजींच्या तोंडून शब्द गेला, "उत्तम."

"किती वेळा उतरवला?"

"दोनदा." पलीकडून "दोनदाच?" असं आलं, तेव्हा गुरुजी घाईनं म्हणाले, "म्हणजे, बऱ्याच वेळा."

"आणि मागाहून गोडी जाणवली ना? कुठं जाणवली, सांगा बरं?"

गुरुजींनी विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "घरीच."

मंगळू हसला. "घशात म्हणताय ना? लाइन खराब आहे, गुरुजी. मी दिवाळीनंतर येतोय. उरलेला जपून ठेवा, आपण बरोबर पिऊ."

फोन ठेवला. गुरुजी वळले तर समोर गॅलरी आणि गॅलरीत पाटी. ते पुन्हा भिंतीकडे वळले.

खोट्याचं एक लक्षण मी सांगतो. ते बोलून झालं की दुसऱ्या दिवशी खरं पोस्टानं येतं. इथे ते पाचव्या दिवशी आलं. मंगळूचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, की गुरुजी, पार्सलात कृती घालायची राहिली. चहा फोडायचा नाही, दाभणानं कडेकडेनं पान न मोडता सोडवायचा. चिमूटभर घ्यायचा. भांडं लहान, पाणी नुकतं उकळलेलं. पहिलं पाणी ओतून टाकायचं, ते पानांना जागं करायला. पुढचं पाणी चारपाच अंक म्हणेपर्यंत ठेवायचं आणि लगेच गाळायचं. दूध नाही, साखर नाही. तीच पानं दहादहा वेळा चहा देतात आणि दर वेळी निराळा देतात. शेवटी लिहिलं होतं: 'पुअर हे या चहाचं नाव. हा कच्चा चहा आहे, गुरुजी. याला पिकायला वर्षं लागतात.'

गुरुजींनी पत्र मोठ्यानं वाचलं. लताबाई तेव्हा आंबे निवडत होत्या. ठामपणे काही सांगायचं असलं की त्या माहेरच्या, सटाण्याकडच्या बोलीत शिरत.

"कच्चा शे ना तो? मग पिकाडा त्याले."

"अगं, तसा कच्चा नाही."

"कच्चं ते कच्चं. तसं आणि असं काय असतं त्यात?"

गुरुजी दाभण शोधायला गेले. परत आले तर चहा अढीत गेला होता. ज्यांनी अढी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. टोपलीत भाताचा पेंढा अंथरतात, त्यावर हिरवे आंबे लावतात, वर पुन्हा पेंढा. आतल्या उबेत आंबा हळूहळू पिकतो. सहादूभाऊंच्या भावानं इगतपुरीच्या शेतातला पेंढा आणि आंबे दोन्ही पाठवले होते. मधल्या थरात, सहा आंब्यांच्या घेऱ्यात, चिनी कागदात गुंडाळलेला तो चहा लताबाईंनी बसवला होता.

"काढ तो. मला करून बघायचाय."

"अढी सारखी उघडायची नसते. हवा लागली की फळं नासतात. तुम्हीच शिकवता ना पोरांना?"

ते खरं होतं. शिकवत होते. गुरुजींनी दाभण परत डब्यात ठेवलं.

पंधरवड्यानं आंबे पिकले. लताबाईंनी चहा दाबून पाहिला, दगडासारखा होता. "अजून नाही झाला," म्हणत त्यांनी पेंढा बदलून तो पुन्हा पुरला. दुसरी अढी लागली, तिसरी लागली. जूनमध्ये आंबे संपले, चहा राहिला. मग टोपली माळ्यावर चढली, आणि लताबाईंनी जाहीर केलं, की हे फळ उशिराचं दिसतंय, मी सांगेन तेव्हाच काढायचं.

आता गुरुजींची काय अवस्था झाली बघा. दिवाळीनंतर मंगळू येणार. त्याच्या आत हा चहा करायला शिकायचा आणि प्यायचा, म्हणजे आधी बोललेलं खोटं मागाहून का होईना खरं होईल, असा त्यांचा हिशेब. शाळेत एखाद्या पोरानं असला हिशेब मांडला असता तर गुरुजींनी त्याला पहिल्या ओळीलाच धरलं असतं. पण चहा माळ्यावर, आणि माळ्याची शिडी लताबाईंच्या ताब्यात. शेवटी त्यांनी वाण्याकडच्या साध्या पत्तीवर सराव सुरू केला. लहान लोटी, चिमूटभर पत्ती, एक ते पाच अंक, गाळा. सहादूभाऊ रोज संध्याकाळी यायचे आणि कपात बघून विचारायचे, "गुरुजी, कपाचा तळ दिसतोय. हा चहा हाय का गंगेचं पाणी?"

रविवारचा वर्ग तर परीक्षाच झाला. एकदा तिसरीतल्या हर्षालीनं गोष्ट मधेच थांबवून विचारलं, "गुरुजी, मोठ्या माणसांना पाटी नसते का?"

"का गं?"

"नाही, तुम्ही आज सारखं तिच्याकडे बघताय."

गुरुजींनी तिला तेराचा पाढा म्हणायला सांगितला. तो तिला येत होता, म्हणून सुटका लवकर झाली. पण त्या दिवसापासून गुरुजी पाटीकडे पाठ करून बसू लागले, आणि पोस्टासमोरून जायचं झालं तर पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. तिथेही त्यांचा एक कागद पडून होता. 'खरी जाणीव झाल्यावर कळवीन' म्हणून.

भाऊबीज झाल्यावरचा रविवार. सकाळची थंडी. गॅलरीत आठ मुलं बसलेली, गोष्ट रंगात आलेली, आणि दारात मंगळू. अंगानं भरला होता, कानाजवळ दोन पांढरे केस होते. पण चपला काढून तो सवयीनं थेट मुलांच्या शेवटच्या ओळीत जाऊन मांडी घालून बसला. गोष्ट संपेपर्यंत उठला नाही. मग पाया पडला आणि पिशवीतून वाटीएवढं झाकणाचं भांडं आणि इवल्या इवल्या वाट्या काढल्या.

"काकू, चहा काढा. किती उरलाय?"

लताबाईंनी टोपली उतरवली. सहादूभाऊ पाण्याचा अंदाज घ्यायला आलेच होते. पेंढा बाजूला झाला आणि घरभर एक वास पसरला. कसला, ते कुणाला सांगता येईना. मंगळूनं कागद उलगडला. चहा हिरवट होता तो तांबूसपणाकडे झुकला होता. छिन्नीनं तुटलेली कड त्यानं अंगठ्यानं चाचपली. मग त्यानं दाभण मागितलं.

दाभणानं त्यानं कडेची पानं सोडवली, इतक्या हलक्या हातानं की मुलं श्वास रोखून पाहू लागली. पहिलं पाणी ओतून दिलं. दुसरं घातलं, झाकण ठेवलं.

"मोजा रे," तो मुलांना म्हणाला.

मुलांनी पाचपर्यंत मोजलं. वाट्यांत उतरलं ते मधासारखं पिवळं पाणी, पण इतकं स्वच्छ की वाटीच्या बुडावर रंगवलेला निळा मासा हलताना दिसावा.

मंगळूनं घोट घेतला आणि डोळे मिटले. "ऊन," तो म्हणाला. "गुरुजी, याला ऊन दाखवलंत. पुष्कळ दिवस."

सहादूभाऊंनी चमकून वर पाहिलं. "तेरा दिवस," ते हळूच म्हणाले. "म्हणजे, अकरा."

तीच पानं, दुसरं पाणी. मुलांनी सहापर्यंत मोजलं. मंगळूनं नाकाशी वाटी धरली. "आता धूर. गोवरीचा आहे ना? तिकडं डोंगरात चुलीशेजारी ठेवलेल्या चहाला असा वास येतो. आमच्या पाड्यावरच्या घरासारखा."

मुलं एकदा चहाकडे आणि एकदा गुरुजींकडे बघू लागली. गुरुजींनी एकतीस वर्षांत हजारो पोरं पाहिली होती. काही ऐकायची आणि विसरायची, काही ऐकायचीच नाहीत. पण हे वाळकं, मुकं पान सगळं ध्यानात ठेवून बसलं होतं. गच्ची, घमेलं, कशालाच ते विसरलं नव्हतं. आणि आता पाण्यामागून पाणी, क्रमानं, एकेक सांगत होतं.

तिसरं पाणी. वाट्यांतून वाफ उठली आणि सगळ्यांना एकदमच कळलं. नोव्हेंबरात, थंडीत, घरात आंब्याचा वास.

"हे काय आहे, गुरुजी?" मंगळूचा आवाज खाली आला होता. "असा चहा मी तिकडं कुठंच प्यायलो नाही. हे कसं केलंत?"

गुरुजींना कळून चुकलं, की चौथ्या पाण्यात हा चहा मोरीबद्दल बोलणार. त्याच्या आत आपण बोललेलं बरं. ते उठले. गॅलरीत गेले. खिळ्यावरची पाटी काढली, फडक्यानं पुसली आणि पेन्सिलीनं लिहायला लागले. अक्षराचं वळण मात्र सुटलं नाही. मग ते मुलांसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"मी मंगळूला फोनवर सांगितले की चहा उत्तम लागला. ते खोटे होते. आम्ही तो दूध घालून उकळला आणि मोरीत ओतला. त्याची गोडी मला जाणवली नाही. घशातही नाही आणि घरीही नाही."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला. हर्षालीनं तोंडावर हात ठेवला होता. लताबाई पदराचं टोक चाळवत होत्या. गुरुजी पाटी छातीशी धरून उभे होते, पहिलीतल्या पोरासारखे, आणि नजर जमिनीवर होती.

मंगळूनं चौथं पाणी घातलं. मुलं मोजायची विसरली, पण त्याचे ओठ अंक मोजताना दिसत होते. त्यानं वाटी भरली, उठला, आणि ती गुरुजींच्या तळहातावर ठेवली.

"झालं," तो म्हणाला. "बसा खाली, गुरुजी."

गुरुजी बसले. वाटीतून घोट घेतला. आधी कडू लागलं, चांगलंच कडू. पण या कडूपणात राग नव्हता. तो जिभेवरून सरकला, घशात गेला आणि तिथे नाहीसा झाला. मग थोड्या वेळानं, कुणी काही न घालता, घशाच्या तळातून गोडी वर येऊ लागली. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येते ना, तशी. पण आवळ्याची गोडी येते आणि जाते, ही येतच राहिली. गुरुजी वाटी हातात धरून नुसते बसून राहिले. गुळाचा खडा हातावर ठेवल्यावर पोरं अशी का गप्प होतात, ते त्यांना सत्तराव्या वर्षी कळलं.

"कुठं जाणवली?" मंगळूनं विचारलं.

गुरुजींनी गळ्यावर बोट ठेवलं. मग थोडा विचार करून घरभर फिरवलं.

दुपारपर्यंत त्या पानांनी अकरा वेळा चहा दिला. मुलांनाही थेंबथेंब मिळालं. कुणाला कडू लागलं, कुणाला काहीच लागलं नाही, हर्षाली म्हणाली की पावसात भिजलेल्या लाकडासारखं लागतं आणि ते सगळ्यांना पटलं. मंगळूनं त्या डोंगरांबद्दल सांगितलं. तिथं चहाची झुडपं नाहीत, झाडं आहेत, आपल्या मोहाएवढी. शेकडो वर्षांची. बायका वर चढून पानं खुडतात. "माझी आई, भागीबाई, मोहफुलं वेचायला जायची तशा. भाषा कळत नव्हती, गुरुजी, पण त्या चढताना बघितल्या आणि मला वाटलं घरीच आलो." शेवटच्या पाण्यात रंग नव्हता, वासही नव्हता, नुसती गोडी होती. भांड्यातली पानं उलगडून पसरली होती, हिरवी, देठासकट, जणू आत्ताच खुडलेली. सहादूभाऊंनी एक पान बोटावर घेतलं, उन्हात धरलं आणि बराच वेळ पाहिलं. शिट्टीबद्दल ते काही बोलले नाहीत.

"पण मग पिकला का हा?" लताबाईंनी विचारलं.

"सुरुवात झालीय, काकू. सूर्य, धूर, पेंढा, सगळं लागलंय त्याला. हवा खेळती राहिली म्हणून बुरशी नाही आली. तिकडचे लोक कोरड्या खोलीत जपतात. पेंढ्याची अढी कुणाला सुचली नाही. पूर्ण पिकायला अजून वीस वर्षं."

"तरी म्हणलं," लताबाई म्हणाल्या. त्यांनी उरलेला चहा कागदात गुंडाळला, पेंढ्यात बसवला आणि टोपली उचलली. गुरुजींकडे बघून म्हणाल्या, "कच्चा शे अजून. शिडी धरा."

सोमवारी सकाळी गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून पोस्टात गेले. रस्त्याच्या अलीकडच्या बाजूनं गेले. कारकून तोच होता. गुरुजींनी नेलेला कागद त्यानं घेतला आणि चष्मा खाली ओढून वाचला:

'माझ्या एप्रिलमधील कागदास अनुसरून कळवितो की, सदर पदार्थ केक नाही. तो चहा आहे. तो गरीब नाही. तो शिळाही नाही, कच्चा आहे. पिकल्यावर पुन्हा कळवीन.'

"पिकल्यावर म्हणजे कधी, आजोबा?"

"दोन हजार तेवीस," गुरुजी म्हणाले.

कारकुनानं गुरुजींकडे पाहिलं, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, कागदावरच्या सहीकडे पाहिलं. मग शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि कागदावर मारला. "ठीक आहे," तो म्हणाला. "फाइल उघडी ठेवतो."